पीएमपीने जाणेही शिकावे लागते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात बसविषयी बोलणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक रोज जाणारे. ते फारसे बोलत नाहीत, कारण त्यांना गाडी पकडायची असते. दुसरे वर्षातून एकदा, स्कूटर गॅरेजला दिली म्हणून नाइलाजाने जाणारे. हे मात्र पुढचे सहा महिने बोलतात. ‘अर्धा तास उभा होतो, एक गाडी येईल तर शपथ, आणि मग तीन एकदम!’ हे खोटे नाही. पण याच माणसाने स्कूटर शिकायला पंधरा दिवस घातले होते, एखाददुसरा गुडघा फोडून घेतला होता, आणि तरी स्कूटरला नावे ठेवली नव्हती. बसला तो एकच दिवस देतो, तोही घाईचा. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी झाली, तरी आपल्या तोंडी अजून ‘पीएमटी’च आहे. बसविषयीची आपली मतेही तेवढीच जुनी असतात. म्हणून बसने नीट कसे जावे, कुठे फसायला होते आणि का, हे सविस्तर लिहीत आहोत.

त्या ‘तीन एकदम’पासूनच सुरुवात करू. ड्रायव्हर मंडळी चहाला थांबतात आणि मग मिळून निघतात, अशी समजूत आहे. कारण वेगळेच असते. समजा एका मार्गावर दर दहा मिनिटांनी गाडी सुटते. पहिली गाडी एका चौकात तीन मिनिटे अडकली. त्या तीन मिनिटांत पुढच्या थांब्यावर, मिनिटाला दोन या हिशेबाने, सहा माणसे जास्त जमली. एकाला चढायला चार सेकंद धरली तर त्या थांब्यावर चोवीस सेकंद जादा गेली. असे आठ थांबे झाले की आणखी तीन मिनिटे गेली. आता गाडी सहा मिनिटे मागे आहे आणि भरलेलीही आहे. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांब्यांवर माणसेच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर येते आणि पहिलीला गाठते. तिसरी दुसरीला गाठते. यात कोणी कामचुकारपणा केलेला नसतो, आणि एकटा ड्रायव्हर ते सुधारूही शकत नाही. तासाला सहा गाड्या सारख्या अंतराने आल्या तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटे वाट पाहावी लागते. त्याच सहा गाड्या तीन-तीनच्या घोळक्याने आल्या तर पंधरा मिनिटे. गाड्या तेवढ्याच, ड्रायव्हर-कंडक्टर तेवढेच, वाट पाहणे मात्र तिप्पट.

हे कळले की काय करायचे तेही कळते. बराच वेळ गाडी आली नाही आणि मग लोंबकळती गाडी आली, तर तिच्यामागे बहुतेक वेळा दुसरी असतेच. मान वाकडी करून मागे बघा, दिसली तर पहिली सोडा. दुसरीत उभे राहायला नीट जागा मिळते, कधी बसायलाही, आणि पोहोचण्यात दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो. घाईच्या माणसाला हे पटत नाही. तो पहिलीच्या दाराला लटकतो, तिला आणखी उशीर करतो आणि वर बसला शिव्या घालतो.

दुसरी चूक नंबर धरून बसण्याची. नवखा माणूस घराजवळच्या थांब्यावर उभा राहून एकाच नंबराची वाट पाहतो. मुरलेला प्रवासी, रस्ते कुठे एक होतात ते बघतो. कोथरूडचेच घ्या. पौड रस्त्याने येणाऱ्या गाड्या आणि कर्वे रस्त्याने वारजे, कर्वेनगरकडून येणाऱ्या गाड्या पौड फाट्याला एकत्र येतात आणि नळ स्टॉपवरून डेक्कनकडे जातात. म्हणजे पौड फाट्याच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्याला एका रस्त्याच्या गाड्या मिळतात, पलीकडच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्याला दोन्ही रस्त्यांच्या. पाच-सात मिनिटे पायी गेले तर वाट पाहणे निम्म्यावर येते. स्वारगेट-कात्रज रस्त्यावरही तेच. भारती विद्यापीठाला जायचे असेल तर पाटीवर ‘कात्रज’ असलेली, सातारा रस्त्याने जाणारी कोणतीही गाडी चालते. सगळ्या मार्गांचे नंबर पाठ करण्याची काहीच गरज नाही. आपल्या रोजच्या वाटेवर कोणकोणत्या गाड्या सामाईक आहेत, त्यांची चार-पाच नावे लक्षात ठेवली की पुरते. पाटीवर शेवटच्या ठिकाणापेक्षा ‘मार्गे’च्या पुढची अक्षरे महत्त्वाची. मनपाला, म्हणजे महापालिका भवनाजवळच्या बसस्थानकाला जाणाऱ्या दोन गाड्या अगदी वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात, आणि फसायला होते ते तिथेच.

परतीचा थांबा हा आणखी एक सापळा. गेलो तिथेच समोरच्या बाजूला परतीची गाडी मिळेल, असे गृहीत धरू नका. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी आहेत, लक्ष्मी रस्ताही एकेरी. जाताना एका रस्त्याने गेलेली गाडी येताना दुसऱ्याने येते. बाहेरगावचे पाहुणे जंगली महाराज रस्त्यावर अर्धा अर्धा तास उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत उभे असलेले दिसतात, आणि कोणी सांगत नाही. उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्यावे, ‘परतीची कुठे मिळेल?’ दोन शब्दांत उत्तर मिळते.

आता पैसे. १ जून २०२५ पासून भाडे बदलले आणि टप्पे सोपे झाले. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, पाच ते दहा २०, दहा ते पंधरा ३०, पंधरा ते वीस ४०, तीस किलोमीटरपर्यंत असेच. भाडेवाढ आवडली असे कोणीच म्हणणार नाही, पण सगळी भाडी दहाच्या पटीत आल्याने पाच रुपयांच्या नाण्यांवरून होणारी रोजची तोंडातोंडी बरीच कमी झाली, हेही खरे. वातानुकूलित ई-बसला साध्या बसचेच तिकीट आहे. मुंबईत बेस्टच्या वातानुकूलित गाडीला पहिल्या टप्प्यातच दोन रुपये जास्त मोजावे लागतात. पुण्यात तसे नाही, आणि एसी आहे म्हणजे महाग असणार असे समजून ती गाडी सोडून देणारे लोक अजून भेटतात.

या टप्प्यांचा एक परिणाम ध्यानात घ्यावा. आपला थांबा साडेपाच किलोमीटरवर असेल तर २० रुपये पडतात. एक-दोन थांबे आधी, पाचच्या आत उतरलात तर १०. रोज जाता-येता एवढे चालणाऱ्याचे महिन्याला, पंचवीस दिवस धरून, पाचशे रुपये वाचतात. उलट, गाडी बदलणाऱ्याला टप्पे मारक ठरतात. कोथरूड डेपो ते स्वारगेट आणि स्वारगेट ते हडपसर गाडीतळ हे दोन्ही तुकडे पाच ते दहाच्या टप्प्यातले, प्रत्येकी २०. थेट गाडी मिळाली तर ३०, बदलून गेलात तर ४०. जाऊन-येऊन ८०.

आणि इथेच पास कामाला येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मनपा हद्दीत दिवसभराचा पास ७० रुपयांना मिळतो, भोवतालच्या महानगर प्रदेशाच्या (पीएमआरडीए) हद्दीसह १५० ला, आणि महिन्याचा पास १५०० ला. यांचा हिशेब कोणीच नीट सांगत नाही. रोजचे जाऊन-येऊन ४० रुपये होत असतील तर पंचवीस दिवसांचे १००० झाले, मग १५०० चा पास काढणे म्हणजे तोटाच. ६० होत असतील तर बरोबर १५००, म्हणजे काढला काय, न काढला काय. सुटीच्या दिवशी बाजारहाटाला बसने जाणार असाल तरच काढा. ८० होत असतील तर मात्र रोज ७० चा दैनिक पास घेतलेला बरा. महिन्यातून बावीस किंवा त्याहून जास्त दिवस जात असाल तर मासिकच बरा, कारण सत्तर गुणिले बावीस म्हणजे १५४०. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांनी त्या महिन्याच्या सुट्या मोजूनच ठरवावे. दैनिक पास सकाळी पहिल्याच गाडीत मागून घ्या, दोन तिकिटे काढून झाल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. ओळखपत्र जवळ असू द्या. ज्येष्ठ, विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्या सवलतीच्या पासांचा हिशेब निराळा, तो पास केंद्रावरच विचारून घ्यावा.

बस स्कूटरपेक्षा स्वस्त आहे, असे ठोकून देणे मात्र आम्हाला मान्य नाही. कोथरूड-हडपसर रोजचे तीस किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीसचे ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरला दोन तृतीयांश लिटर पेट्रोल लागते, म्हणजे आजच्या भावाने सत्तरच्या घरात. दैनिक पासही सत्तरचा. पेट्रोलपुरते बघाल तर बरोबरी आहे, आणि जवळच्या अंतराला कधी कधी बसच महाग पडते. फरक पडतो तो सर्व्हिसिंग, टायर, विमा, पार्किंग यांत, आणि त्याहून जास्त म्हणजे घरात तिसरी दुचाकी घ्यावी की नाही या प्रश्नात. एका घरात दोन दुचाकी आणि एक मासिक पास, हा मेळ बहुतेकांना जमण्यासारखा आहे. सगळ्यांनी सगळ्या गाड्या विकाव्यात, हा उपदेश आजवर कोणी ऐकलेला नाही आणि ऐकणारही नाही.

वेळेचेही तसेच. बसला दुचाकीच्या दीडपट ते पावणेदोनपट वेळ लागतो असे धरूनच निघावे. पाऊण तासाच्या वाटेला सव्वा तास. हा हिशेब घरीच मान्य केला की थांब्यावर चिडचिड होत नाही. शिकायचे असेल तर सोमवारी सकाळी साडेआठला, ऑफिसला जाताना सुरुवात करू नये. रविवारीही करू नये, कारण रविवारी रस्ते मोकळे असतात आणि गाड्याही कमी असतात. त्या दिवशीच्या वेळा बाकीच्या दिवसांना लागू पडत नाहीत. सुटी घेतलेल्या एखाद्या बुधवारी अकराच्या सुमारास ७० चा पास काढावा आणि आपल्या वाटेवरच्या मार्गांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीन वेळा बसून यावे. कुठे गाडी रिकामी होते, कुठे भरते, कोणत्या चौकात खोळंबते, कोणत्या थांब्यावर आडोसा आहे आणि कुठे नुसता खांब, हे सगळे एका दिवसात कळते. कळत नाही ते एवढेच, की सकाळी गर्दी किती असते. ते दुसऱ्या दिवशी.

गाडीत शिरल्यावरचे शास्त्र वेगळे. दोन दारांच्या गाडीत मागून चढायचे आणि पुढून उतरायचे. चढल्यावर लोक मागच्या दाराशीच गठ्ठा करून राहतात, कंडक्टर ‘पुढे सरका, मधे जागा आहे’ असे ओरडत राहतो, आणि मधे खरोखरच जागा असते. दाराशी उभे राहिल्याने लवकर उतरता येत नाही, कारण उतरायचे दार दुसरीकडेच आहे. थांब्यापाठी वीस सेकंद जरी या दारातल्या खोळंब्यात गेली, तरी चाळीस थांब्यांच्या मार्गावर तेरा मिनिटे जातात. त्या तेरा मिनिटांना आपण ट्रॅफिक म्हणतो.

उभे कसे राहावे, हे कोणी शिकवत नाही. बसचे धक्के लांबीच्या दिशेने बसतात, पुढे-मागे. म्हणून तोंड खिडकीकडे करावे आणि पाय खांद्याइतके फाकून ठेवावेत, म्हणजे एक पाय गाडीच्या पुढच्या बाजूला येतो आणि एक मागच्या. ड्रायव्हरकडे तोंड करून पाय जुळवून उभा राहिलेला माणूस पहिल्याच ब्रेकला दुसऱ्याच्या अंगावर जातो. ई-बसमध्ये तर ही काळजी जास्त घ्यावी. डिझेल किंवा सीएनजीची गाडी निघताना आधी आवाज करते, गिअर पडतो, आपल्याला पूर्वसूचना मिळते. विजेची मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावते, आणि ड्रायव्हरने पाय नुसता उचलला तरी गाडी मंदावू लागते, कारण तीच मोटर मग बॅटरीत वीज भरू लागते. आवाज नाही, पण हिसका आहे. एक दांडा सोडायच्या आधी दुसरा धरावा, मोबाईल खिशात ठेवूनच पुढे सरकावे.

बसायला मिळाले तर दोन चाकांच्या मधली आसने निवडावीत. मागच्या चाकाच्या मागे बसणाऱ्याला प्रत्येक गतिरोधक दुप्पट लागतो, आणि पुण्यात गतिरोधकांना तोटा नाही. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी शेवटची लांब सीट रिकामी दिसली तरी तिकडे जाऊ नये. ती रिकामी असते याला कारण आहे. डाव्या बाजूची आसने महिलांसाठी राखीव असतात. उन्हाचेही बघावे. सकाळी कात्रजहून स्वारगेटकडे येताना ऊन उजव्या खिडक्यांतून येते, संध्याकाळी परत जातानाही उजवीकडूनच. म्हणजे या मार्गावर जाता-येता सावली बायकांकडे. हा न्याय कोणी ठरवून केलेला नसावा.

उतरण्याची तयारी एक थांबा आधी. पुढचा थांबा कोणता हे माहीत नसेल तर चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवावे. पुढच्या दाराशी आधीच उभ्या असलेल्यांना ‘उतरताय का?’ एवढे विचारले की वाट आपोआप होते.

पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्यांनी बीआरटीचे, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकांचे, वेगळेपण समजून घ्यावे. देशातली पहिली बीआरटी पुण्यातच, २००६ च्या अखेरीस, स्वारगेट, कात्रज आणि हडपसरच्या रस्त्यांवर सुरू झाली. नंतर तिचे बरेच हाल झाले, नगर रस्त्यावरची तर काढूनच टाकली. पण औंध ते रावेतसारख्या रस्त्यांवर थांबा रस्त्याच्या मधोमध असतो आणि गाडीचे उजव्या बाजूचे दार उघडते. कडेच्या पदपथावर उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत गाडी मधून निघून जाते. थांब्याचा चौथरा गाडीच्या फरशीइतका उंच असतो, त्यामुळे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना याइतकी सोय दुसऱ्या कोणत्याही बसमध्ये नाही. तीच उंच गाडी साध्या थांब्यावर आली की मात्र डाव्या दाराच्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मधल्या थांब्यावर जायला रस्ता ओलांडावा लागतो, तो सिग्नललाच ओलांडावा. गाडी दिसली म्हणून रेलिंगवरून उडी मारणारे रोज दिसतात.

‘आपली पीएमपीएमएल’ हे अ‍ॅप ऑगस्ट २०२४ मध्ये आले. गाडी कुठवर आली हे त्यात दिसते, तिकीट आणि पासही काढता येतो. ते वापरावे, पण डोळे मिटून नाही. ज्या गाडीचे जीपीएस बंद आहे ती नकाशावर दिसत नाही, तरी रस्त्यावर ती येतच असते. म्हणून ‘पंचवीस मिनिटे’ दाखवले म्हणून लगेच रिक्षा करू नये. तिकीट गाडीत चढल्यावरच काढावे. थांब्यावर आधी काढून ठेवले आणि सामाईक रस्त्यावरची दुसरीच गाडी आधी आली, की घोळ होतो. बॅटरी संपत आलेल्या मोबाईलवर पास ठेवणे म्हणजे पास नसणेच. तपासनीस समोर उभा राहिल्यावर चार्जर शोधून भागत नाही. वीस-तीस रुपये सुटे खिशात असावेतच.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास गाड्या विरळ होतात. त्या वेळी पाळी बदलते, काही गाड्या डेपोत जातात, काही सीएनजी भरायला रांगेत लागतात, काही चार्जिंगला. या वेळात ज्यांना निवड आहे त्यांनी बाराच्या आत किंवा साडेतीननंतर निघावे. रात्री दहानंतरही अंतर वाढते. जाताना त्याच मार्गाच्या कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे विचारून ठेवावे. गाडी वाटेत बंद पडली तर तिकीट टाकून देऊन रिक्षा शोधू नका. मागच्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून देणे हे कंडक्टरचे काम आहे आणि बहुतेक कंडक्टर ते करतात. मागची गाडी भरलेली असेल तर सगळ्यांनी एकदम तिच्यावर तुटून पडण्यापेक्षा दोन गाड्यांत विभागून गेलेले बरे.

मेट्रो आल्यावर बसचे काय काम, असाही एक प्रश्न विचारला जातो. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन रेषा आहेत, आणि पुणे दोन रेषांवर वसलेले नाही. लांबचा सरळ तुकडा मेट्रोने, बाकीचे बसने, अशी सांगड घालावी. फक्त जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलताना सरकत्या जिन्यांचे मजले लक्षात घ्यावेत. तिथे एक मार्गिका उंच पुलावर आहे आणि दुसरी खोल जमिनीखाली. चालण्याची सवय नसेल तर दहा मिनिटे जादा धरावीत. दोन-अडीच किलोमीटरसाठी मेट्रोत उतरणे-चढणे करण्यापेक्षा समोर आलेली बस पकडणे केव्हाही लवकर होते.

हे झाले प्रवाशाने शिकायचे. पण काही गोष्टी प्रवाशाच्या हातात नाहीत, आणि त्यातली सर्वात मोठी म्हणजे थांबा. शहरातला कोणताही गजबजलेला थांबा दहा मिनिटे नीट पाहावा. थांब्यासमोर तीन रिक्षा आणि एक चारचाकी, ‘दोनच मिनिटे’ म्हणून लावलेली. त्यामुळे बस कडेला येऊ शकत नाही, ती रस्त्याच्या मध्ये थांबते. ती मध्ये थांबते म्हणून लोक पदपथ सोडून रस्त्यावर येऊन उभे राहतात. लोक रस्त्यावर आहेत म्हणून पुढच्या बसला कडेला यायला जागा मोकळी असली तरी येता येत नाही. आणि मागचे दुचाकीवाले बसच्या डाव्या बाजूने, म्हणजे उतरणाऱ्यांच्या आणि पदपथाच्या मधून गाडी घालतात. म्हातारी माणसे बसला घाबरतात असे आपण म्हणतो, पण ती घाबरतात ती या दोन फुटांना. दोन डबे पिवळा रंग मारून हे सुटत नाही. थांब्याच्या आधी आणि नंतर एक-एक बसच्या लांबीइतकी, म्हणजे बारा-बारा मीटर जागा मोकळी राहिली तरच बारा मीटरची गाडी तिरकी न राहता कडेला लागते. तेवढी जागा मोकळी ठेवणे हे वाहतूक पोलिसांचे आणि महापालिकांचे काम आहे, पीएमपीचे नाही. पीएमपीला तूट आली की दोन्ही महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात पैसे देतात. त्याच महापालिकांच्या रस्त्यावर तीच बस थांब्याला लागू शकत नाही आणि तिकडे वेळ व इंधन वाया घालवते, हा आपल्याच एका खिशातले काढून दुसऱ्या फाटक्या खिशात घालण्याचा प्रकार झाला.

दुसरी मागणी स्वस्तातली आहे. थांब्यावर मार्गांचे नंबर असतात, कधी अर्धे पुसलेले, कधी जाहिरातीखाली गेलेले. त्याऐवजी एका पाटीवर चार गोष्टी हव्यात: या थांब्याचे नाव, इथे थांबणाऱ्या मार्गांचे नंबर ‘मार्गे’सह, पहिली व शेवटची गाडी, आणि गाड्यांमधले साधारण अंतर. नेमकी वेळ छापू नये, ती पाळता येत नाही आणि लोकांचा विश्वास उडतो. ‘सकाळी ८ ते ११ दर १२ मिनिटांनी’ एवढे पुरते. परतीचा थांबा वेगळ्या रस्त्यावर असेल तर बाणाने तेही दाखवावे. देशभरच्या परिवहन महामंडळांच्या लोकांना प्रशिक्षण देणारी केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून आपल्याच भोसरीला आहे, त्यामुळे चांगली पाटी कशी असावी हे विचारायला फार लांब जावे लागणार नाही.

तिसरी मागणी अंतराची. स्वारगेट, मनपा, पुणे स्टेशन, निगडी इथे वाहतूक नियंत्रक बसलेले असतात. एकाच मार्गाच्या दोन गाड्या जुळून आल्या तर मागचीला पाच-सात मिनिटे तिथेच थांबवून सोडण्याची त्यांना मुभा असावी आणि वेळापत्रकात तेवढी मोकळीक ठेवावी. आज उशिरा आलेल्या ड्रायव्हरला लगेच पुढची फेरी गाठायची असते, कारण फेऱ्या मोजल्या जातात, अंतर मोजले जात नाही. जीपीएस बसवलेल्या गाड्यांचे अंतर मोजणे आता अवघड राहिलेले नाही. सुमारे दोन हजार गाड्यांत सगळे शहर न्यायचे असेल तर आहेत त्या गाड्या तरी सारख्या अंतराने धावायला हव्यात. नव्या गाड्यांच्या निविदा निघोत तेव्हा निघोत.

सुरुवात एखाद्या मार्गावर करून पाहता येईल. कात्रज-स्वारगेटसारख्या, गाड्या भरपूर असलेल्या रस्त्यावर पंधरा दिवस अंतर राखून गाड्या सोडाव्यात, त्या रस्त्यावरचे थांबे रिक्षा व चारचाकींपासून मोकळे ठेवावेत आणि वर सांगितल्या तशा पाट्या लावाव्यात. पंधरा दिवसांनी आकडे जाहीर करावेत: एका फेरीला आधी किती मिनिटे लागत होती, आता किती लागतात.

आपले,
काही नियमित बसप्रवासी, पुणे